चिंता करण्यासाठी गच्ची मिळणेबाबत

सागरछाया सोसायटीच्या गच्चीची किल्ली हवी असेल तर रजिस्टरात चार रकाने भरावे लागतात. नाव, सदनिका क्रमांक, वेळ आणि कारण. जयराम चुरीसरांनी पहिले तीन रकाने भरले. बावीस वर्षं पोरांना 'जे दिसलं तेच लिहा, पुस्तकातलं नको' असं बजावणाऱ्या केमिस्ट्रीच्या मास्तराला शोभेल अशा टपोऱ्या अक्षरात त्यांनी चौथ्या रकान्यात लिहिलं, 'चिंता करणे'.

त्याच्या वरच्या ओळीत 'पापड वाळवणे' होतं आणि त्याच्या वर 'डिश अँटेना हलला आहे'. त्या दोन्हींवर आजवर कुणी एक अक्षर बोललं नव्हतं.

"केबल बघायला जातो असं लिहिलं असतं तर काय हात झडला असता?" विनयावहिनी पुढे महिनाभर विचारत होत्या. यावर सरांचं एकच उत्तर होतं, "पण आपल्याकडे केबल नाही."

त्याचं झालं होतं असं. जूनमध्ये बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेटची काचेची नळी हातात असताना सरांच्या छातीत एकाएकी धडधडायला लागलं. हातापायांना मुंग्या, तोंडाला कोरड, आणि आता आपला कारभार आटोपला अशी पक्की खात्री. कार्डिओग्राम सरळ आला. म्हणजे जितका वाकडातिकडा यायला हवा तितकाच आला. डॉक्टर म्हणाले, हृदय ठणठणीत आहे, ही धडकी आहे, आणि ती मनाकडून येते. पुढच्या पंधरा दिवसांत ती आणखी दोनदा आली, दोन्ही वेळा लॅबमध्येच. तेव्हा सरांनी लॅबच्या दारात उभं राहून शिकवायला सुरुवात केली. एक पाय आत, एक बाहेर. मुलांना वाटलं, सरांना वासाचा त्रास होतोय.

डॉक्टरांनी ज्या समुपदेशिकेचा पत्ता दिला ती वसईत पारनाक्याला एका दंतवैद्याच्या वरच्या मजल्यावर बसायची. ॲनिशा डाबरे. पंधरा वर्षांपूर्वी सहामाहीला सरांनीच तिला केमिस्ट्रीत तेरा मार्क दिले होते.

"सर, ओळखीच्या माणसापुढे अवघड वाटत असेल तर दुसरं नाव देते," ती म्हणाली.

"तेरा मार्क मी तुला पेपर बघून दिले होते, तोंड बघून नाही," सर म्हणाले. "तूही तसंच कर."

तिनं तसंच केलं. पहिल्याच भेटीत तिनं आडपडदा न ठेवता विचारलं, "जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का?" सरांनीही सरळ सांगितलं की नाही, उलट मरायची भीती वाटते हाच तर रोग आहे. मग तिनं श्वास घ्यायला चार आकडे आणि सोडायला सहा आकडे मोजायला शिकवलं. छाती धडधडली तर जिथं आहात तिथंच थांबायचं, पळायचं नाही, समोर दिसतात त्या पाच वस्तूंची नावं घ्यायची, हे शिकवलं. आणि शेवटी गृहपाठ दिला.

"सर, चिंतेला येऊ नकोस म्हटलं की ती दारातच फतकल मारून बसते. त्यापेक्षा तिला वेळ देऊन टाका. रोज साडेपाच ते सहा. वहीत सगळ्या चिंता लिहायच्या. ज्यांचं काही करता येईल त्यांच्यापुढे काय करणार ते लिहायचं, बाकीच्या नुसत्या लिहून सोडायच्या. दिवसभरात मधेच आली तर सांगायचं, साडेपाचला ये. आणि जागा एकच हवी. जिथं तुम्ही झोपत नाही, जेवत नाही, पेपर तपासत नाही."

आता सरांचं घर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. एका खोलीत ते झोपत, दुसरीत जेवत आणि पेपर दोन्हीकडे तपासत. उरली न्हाणी. तिथं पहिल्या दिवशी ते वही घेऊन बसले, तर अर्ध्या तासात विनयावहिनींनी तीनदा दार वाजवून ओवा देऊ का म्हणून विचारलं. म्हणून गच्ची.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरी शांताराम राऊत रजिस्टर काखोटीला मारून दारात हजर. राऊतसाहेब कुठल्याशा सरकारी खात्यातून निवृत्त झाले होते, पण खातं त्यांच्यातून निवृत्त झालं नव्हतं.

"सर, हे काय लिहिलंत?"

"कारण."

"हे कारण बसत नाही."

"कशात?"

"उपविधीत. गच्ची वाळवणाला आहे, बारशाला आहे, कोजागिरीला आहे. चिंतेची तरतूद नाही."

"बारशाच्या वेळी लोक चिंता करत नाहीत?"

"करतात. पण नावानिशी लिहून देत नाहीत," राऊतसाहेब म्हणाले. "तुम्ही रीतसर अर्ज करा. तीन प्रती. सोबत डॉक्टरांचं पत्र आणि सौभाग्यवतींचं ना हरकत प्रमाणपत्र."

सरांनी अर्ज केला. विषय: चिंता करण्यासाठी गच्ची मिळणेबाबत. ॲनिशानं पत्र दिलं. अडलं ते ना हरकतीपाशी.

"माझी हरकतच आहे," विनयावहिनी म्हणाल्या. याला कारण होतं. नवरा पारनाक्याला कशाला जातो, याचं उत्तर त्यांनी सोसायटीत 'दात' असं दिलं होतं. खाली दंतवैद्य होताच. रूट कॅनाल. दर बुधवारी एक. माणसाला बत्तीस दात असतात, म्हणजे बत्तीस आठवड्यांची बेगमी झाली, असा त्यांचा हिशेब होता. त्यापायी सर दोन पूजांना आणि एका साखरपुड्याला नुसता दहीभात खाऊन आले होते. आणि आता हा सत्यवादी माणूस सगळ्या बिल्डिंगला लेखी कळवत होता, की दात साबूत आहेत, बिघाड वरच्या मजल्यावर आहे.

शेवटी त्यांनी सही केली, पण खाली कंसात लिहिलं, 'नाइलाजाने'. अर्ज मंजूर झाला.

तेवढ्यात रजिस्टरातल्या त्या पानाचा फोटो कुणीतरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. त्यावर सदतीस जणांनी नमस्काराचे हात पाठवले, एकानं केकचं चित्र पाठवलं, बहुधा चुकून. मग सल्ले सुरू झाले. तळपायाला काशाच्या वाटीनं तूप चोळा. पश्चिमेकडे डोकं करून झोपू नका. केमिस्ट्री सोडा, इतिहास घ्या, त्यात सगळं होऊन गेलेलं असतं. दुसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यात अडवून म्हणाले, "सर, माझं ऐका, विचारच करू नका." सरांनी त्यांना नम्रपणे विचारलं, की तुम्ही हे कसं जमवता? गृहस्थांना ती प्रशंसा वाटली.

तळमजल्यावरच्या इनेझकाकूंनी सरांसाठी नोव्हेना धरला. त्या गावातल्या चर्चमध्ये रोझरीची प्रार्थना चालवत, आणि सोसायटीत कुणाचंही काही दुखलं की नऊ दिवस प्रार्थना करून त्या दुखण्याचा पाठपुरावा करत.

इथवर सरांनी सहन केलं. पण लोकांनी गच्ची, एकटा माणूस आणि वही अशी बेरीज केली आणि उत्तर भलतंच काढलं. साडेपाचला सर वर पोचले, की पाठोपाठ कुणी ना कुणी टाकीचं झाकण बघायला यायचं. त्या टाकीकडे तिच्या उभ्या जन्मात इतकं लक्ष कुणी दिलं नसेल. चौथ्या दिवशी सरांना कळलं, की राऊतसाहेबांनी पाळ्या लावल्या आहेत. जिन्याच्या फळ्यावर तक्ता होता. 'चुरीसर लक्ष, सायं. ५.३० ते ६.००.'

सरांची अब्रू अशी तक्त्यावर टांगली गेली. त्यांनी त्या दिवशीच्या पाळीवर आलेल्या इनेझकाकूंना सरळ विचारलं, "काकू, तुम्हाला काय वाटतं, मी उडी मारीन?"

"नाय हो सर," काकू दचकून म्हणाल्या. "पण माणसाचा पाय घसरतो."

"मी कठड्यापासून वीस फुटांवर बसलोय. इथून घसरलो तर वहीवर पडेन."

काकू हसल्या. मग टाकीचं झाकण त्यांनी उगाच एकदा चाचपून बघितलं. "सर," त्या हळूच म्हणाल्या, "मी रोझरीत अडखळते हल्ली. चाळीस वर्सं तोंडात बसलेले शब्द, आणि मधेच जागा रिकामी. लोक समजतात काकू भक्तीनं थांबली. पोराला, मर्विनला पण सांगितलं नाय मी. तो लगेच तपासायला नेईल."

सरांनी वहीतलं एक पान फाडून त्यांना दिलं. "लिहा. आणि याचं काही करता येण्यासारखं आहे. मर्विनला तपासायला नेऊ द्या."

दुसऱ्या दिवशी पाळी होती तिसऱ्या मजल्यावरच्या संकेतची. दंड असे, की शर्टाच्या बाह्या केविलवाण्या दिसाव्यात. हा पोरगा पाच वर्षं लिफ्ट सोडून जिन्यानं जायचा आणि सगळी सोसायटी आपल्या मुलांना सांगायची, फिटनेस बघा. संकेत टाकीला टेकून म्हणाला, "सर, बाहेर बोलू नका. लिफ्टचं दार लागलं की मला घाम फुटतो. मॉलमध्ये पण. नवीन ऑफिस चौदाव्या मजल्यावर आहे."

त्यालाही एक पान मिळालं.

तीन आठवड्यांत वर नऊ माणसं बसायला लागली. जो राखण करायला येई तो रांगेत बसे. सर मास्तरच, त्यांनी शिस्त लावली. आपापली वही आणायची. शेजारच्याच्या चिंतेत डोकावायचं नाही. सहा वाजले की वही बंद, पुरवणी मिळणार नाही. हात पाठीमागे बांधून ते दोन रांगांतून फिरत. वारा आला की नऊ वह्यांची पानं एकदम फडफडत. कित्येक वर्षांत सरांना इतकं बरं वाटलं नव्हतं, आणि ते त्यांनी बुधवारी ॲनिशाला मोठ्या उत्साहानं सांगितलं.

तिनं विचारलं, "तुमची वही?"

सरांनी वही पुढे केली. गेले बारा दिवस कोरे होते.

"आणि लॅब?"

"दारातून," सर म्हणाले.

"दुसऱ्यांच्या चिंता तपासणं म्हणजे लॅबच्या दारात उभं राहणंच आहे, सर," ती म्हणाली. "एक पाय आत, एक बाहेर."

आपल्याला तेरा मार्क पडल्यासारखं तोंड करून सर घरी आले, तर गच्चीला नवं कुलूप. खाली नोटीस: 'गच्चीवर विनापरवाना सामूहिक चिंता केली जात असल्याचे निदर्शनास आले आहे. सदरहू प्रकार तात्काळ बंद करण्यात यावा. वैयक्तिक परवानगीही रद्द.' नऊ जणांपैकी एकही माणूस बोलला नाही. संकेत जिन्यानं खाली गेला. इनेझकाकूंनी मान खाली घातली. सरांना राग आला तो कुलपाचा नव्हे, या मुकाटपणाचा.

पण खरा घाव कॉलेजात बसला. प्राचार्य सँड्रामॅडमनी सरांना बोलावून टेबलावर एक निनावी पत्र ठेवलं. छापील, आणि कोपऱ्यात 'प्रत ३ पैकी १'. सदरहू शिक्षक मानसिक उपचार घेत असून त्यांच्या हाती आम्ल व ज्वालाग्राही पदार्थ देणे कितपत योग्य, असा प्रश्न त्यात एका हितचिंतकानं विचारला होता.

"चुरी, मी काही म्हणत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण पालकांपर्यंत गेलं तर? तुम्ही एवढं लिहून द्या, मला कोणताही मानसिक त्रास नाही, उपचार चालू नाहीत. विषय संपला. नाहीतर मग या वर्षापुरतं लॅब सोडून लायब्ररी बघा."

सरांची छाती धडधडायला लागली. कागद पुढे होता, पेन पुढे होतं. एका ओळीत सुटका होती. आणि लायब्ररीत तर ॲसिडही नव्हतं, भीतीही नव्हती. खरं सांगायचं तर जून महिन्यापासून त्यांना हेच हवं होतं.

त्यांनी पेन उचललं आणि लिहिलं: 'मला अधूनमधून धडकी भरते. त्यावर मी उपचार घेत आहे व ते चालू ठेवणार आहे. गेल्या बावीस वर्षांत माझ्या लॅबमध्ये एकच अपघात झाला. तपासणीस आलेल्या साहेबांनी नको म्हटलेलं असताना गरम बीकर उचलला. उद्या अकरा वाजता प्रॅक्टिकल आहे. आपण येऊन बसावे.' खाली सही, पूर्ण नावानिशी.

घरी हे कळल्यावर विनयावहिनींनी आधी गॅस बंद केला. मग पत्राचा मोबाइलवरचा फोटो त्यांनी दोनदा वाचला. 'सदरहू' या शब्दापाशी त्या थांबल्या. उठल्या, तडक खाली गेल्या आणि भाजीवाल्याभोवती अर्धी सोसायटी उभी असताना, कुणी काही विचारलेलं नसताना, खणखणीत आवाजात म्हणाल्या, "ह्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात ठणठणीत आहेत. हे मनाच्या डॉक्टरकडे जातात. मीच खोटं बोलत होते. कुणाला आणखी काही तीन प्रतींत हवंय?"

राऊतसाहेब तेव्हा भेंडी निवडत होते. ते एकच भेंडी बराच वेळ निवडत राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराला सर लॅबच्या दारात आले. मॅडम मागच्या बाकावर बसल्या होत्या. सरांनी दोन्ही पाय आत टाकले. ब्युरेट भरली, तोटी उघडली, आणि सातव्या थेंबाला ती आली. छाती, मुंग्या, कोरड, सगळा लवाजमा. पंचवीस मुलं बघत होती. सरांनी तोटी बंद केली, टेबलाची कड धरली आणि मोठ्यानं म्हणाले, "मुलांनो, मला आत्ता धडकी भरली आहे. दोन मिनिटांत जाईल. तोवर मी समोर दिसणाऱ्या पाच वस्तू मोजणार आहे. स्टँड. फनेल. पावडे, तुझा ॲप्रन, तो तू जुलैपासून धुतलेला नाहीस. फळा. आणि प्राचार्यांची पर्स."

कुणीतरी हसलं. मॅडमनी पर्स मांडीवर घेतली. सर श्वास मोजत राहिले. दोन मिनिटांत गेली नाही, चार लागली. पण ते जागचे हलले नाहीत. मग त्यांनी तोटी उघडली आणि पुढचे थेंब सोडले. फ्लास्कमध्ये पाणी गुलाबी झालं, नेमकं हवं तेवढं, फिकट.

"रीडिंग घ्या," सर म्हणाले. मॅडम तास संपेपर्यंत बसल्या. जाताना त्यांनी ते निनावी पत्र पर्समधून काढलं, चार तुकडे केले आणि लॅबच्या कचरापेटीत टाकलं. पुढच्या आठवड्याच्या वेळापत्रकात सरांच्या नावापुढे लॅबच होती.

आता इतका पराक्रम केलेल्या माणसानं न्हाणीत बसून चिंता करावी? सरांनी सोसायटीची कागदपत्रं उपसली. पार्किंग क्रमांक अकरा त्यांच्या नावावर होतं. त्यांच्याकडे गाडी नव्हती, म्हणून तिथं सहा वर्षं राऊतसाहेबांची गाडी उभी होती.

"राऊतसाहेब, गाडी काढा. मला जागा हवीय."

"गाडी घेतलीत?"

"नाही. खुर्ची घेतली."

राऊतसाहेबांना गाडी काढावी लागली. सर साडेपाचला अकरा नंबरात खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या जाणाऱ्या सगळ्यांच्या देखत त्यांनी वही उघडली आणि स्वतःच्या चिंता लिहायला घेतल्या. तिसऱ्या दिवशी खुर्चीवरच नोटीस चिकटली होती. 'वाहनतळाचा वापर केवळ वाहनासाठी करावा.'

"बरोबर आहे," सर म्हणाले. त्यांचा मेहुणा जितेश कळंबला राहतो, समुद्राजवळ दोन खोल्या पर्यटकांना भाड्यानं देतो. त्याच्या मागच्या पडवीत एक जुनी स्कूटर होती, जिच्या डिकीत कोंबडी अंडी घालायची. सरांनी टेम्पो केला. स्कूटर चढवणाऱ्या माणसानं ती हलवून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, टाकीत नुसता पानी हाय. ही चालायची नाय."

"चालायला नकोच आहे," सर म्हणाले. "उभी राहिली पाहिजे."

कळंबहून वसईपर्यंत ती वरात आली. स्टँडवर उभी केली. आरसीबुक जितेशच्या नावाचं होतं, त्याचं संमतिपत्र होतं, आणि सरांनी ते सगळं राऊतसाहेबांना दिलं, तीन प्रतींत. मग ते स्कूटरवर बसले, वही हँडलवर टेकवली आणि लिहायला लागले.

राऊतसाहेब उपविधीचं पुस्तक घेऊन आले. उभ्या उभ्या त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळलं. स्वतःच्या वाहनतळात, स्वतःकडच्या वाहनावर, सभासदानं बसू नये असं त्यात कुठंही नव्हतं. पाच-सहा माणसं जमली. गॅलऱ्यांतून डोकी बाहेर आली. सरांची छाती पुन्हा धडधडत होती, कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. ते लिहीत राहिले.

तेवढ्यात जिन्यावरून विनयावहिनी उतरल्या. हात ओले होते, ते त्यांनी पदराला पुसले. जमलेल्या माणसांतून वाट काढत त्या स्कूटरपाशी आल्या.

"सरका जरा पुढे," त्या म्हणाल्या.

"अगं, तू कशाला..."

"माझ्या नाहीत की काय? जून महिन्यापासून मी रोज तुमची वाट बघत खिडकीत उभी राहते. अर्धा तास उशीर झाला की माझे हातपाय गार पडतात. ते कुणी लिहायचं?"

सर पुढे सरकले. वहिनी मागच्या सीटवर बसल्या. जुनी स्प्रिंग करकरली. राऊतसाहेबांना काहीतरी बोलणं भाग होतं, आणि दुसरं काही सुचलं नाही म्हणून त्यांनी विचारलं, "कुठे निघालात दोघं?"

"कुठेच नाही," विनयावहिनी म्हणाल्या. त्यांनी कमरेला खोचलेली वही काढली, सरांच्या पाठीवर टेकवली, आणि पहिली ओळ लिहायला घेतली. अक्षर बिघडू नये म्हणून सर अगदी ताठ बसून राहिले.